पहाऱ्याच्या यादीतलं नाव

या व्याख्यानमालेत आतापर्यंत स्वातंत्र्य, न्याय, कर्तव्य असे मोठे शब्द येऊन गेले. आज तेच शब्द घेऊन आपण नांदेड-लातूरच्या गल्लीत, पारावर आणि शेताच्या बांधावर जाणार आहोत. विषय आहे बौद्धिक आणि विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्या माणसांचं गावातलं जगणं, आणि त्या जगण्याला गावाचा आधार.

उपचाराविषयी डॉक्टर सांगतील, शिकवण्याविषयी विशेष शिक्षक सांगतील. ते आमचं क्षेत्र नाही. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळं आमचा प्रश्न जरा वेगळा आहे. तो असा: हे माणूस एखाद्या दिवशी दिसलं नाही, तर कुणाला चुकल्यासारखं वाटतं? उत्तर 'त्याच्या आईला' एवढंच असेल, तर सरकारी कागद कितीही पूर्ण असोत, त्या माणसाला गाव मिळालेलं नाही. आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

शब्द आधी नीट लावून घेऊ

विकासात्मक दिव्यांगत्व म्हणजे मेंदूच्या वाढीत लहानपणीच, बऱ्याचदा जन्माआधी किंवा जन्माच्या वेळी, आलेला फरक. तो आयुष्यभर सोबत राहतो. यात बौद्धिक दिव्यांगत्व येतं, ज्याला आपण कालपरवापर्यंत 'मतिमंदत्व' म्हणत होतो. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम येतो. सेरेब्रल पाल्सी येते. त्यात मेंदूला झालेल्या इजेमुळं हालचालींवरचा ताबा सुटतो, पण बुद्धी पुष्कळदा चांगली शाबूत असते. डाऊन सिंड्रोमची मुलं आपण ओळखतो.

हा मनोविकार नव्हे. मनोविकार कुठल्याही वयात होऊ शकतो आणि औषधांनी पुष्कळसा आटोक्यात येतो. गावात मात्र दोन्हींना एकच शब्द आहे, 'येडं'. हा शब्द एकदा लागला की माणसाचं नाव मागं पडतं. म्हणून पहिली गोष्ट सोपी आहे आणि फुकट आहे: माणसाला त्याच्या नावानं हाक मारायची.

दुसरा गैरसमज आईला फार छळतो. ग्रहणात काहीतरी चिरलं असेल, मागच्या जन्मीचं असेल, असं म्हणून दोष तिच्या पदरात टाकला जातो. कारणं वेगळी असतात. गुणसूत्रांतले बदल असतात, बाळंतपणात बाळाला प्राणवायू कमी पडलेला असतो, जन्मानंतरची कावीळ वाढलेली असते, मेंदूज्वर झालेला असतो. आपल्याकडं मामाच्या मुलीशी लग्न करायची पद्धत आहे. जवळच्या नात्यातल्या लग्नांमुळं काही आनुवंशिक आजारांचा धोका वाढतो. पुष्कळदा कारण सापडतही नाही. आईनं सुरी हातात धरली होती की नाही, याचा यातल्या कशाशीही संबंध नसतो.

आकडा किती? २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांतल्या सुमारे १५ लाख बौद्धिक दिव्यांग होत्या. त्या नोंदीत ऑटिझम आणि सेरेब्रल पाल्सीचे रकानेच नव्हते. शिवाय घरात शिरगणती करणारा आला की असं लेकरू आतल्या खोलीत ठेवणारी घरंही आहेत. तेव्हा हा आकडा कमीत कमी धरायचा.

शाळा संपते, आयुष्य उरतं

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. विशेष शाळा आहेत, सामान्य शाळेत समावेशित शिक्षण आहे. लातूरजवळ हरंगुळला जनकल्याण समितीचं 'संवेदना' हे सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांचं केंद्र आहे. लातुरात ऑटिझमसाठी 'उमंग' आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी या कामासाठी पुणं, मुंबई नाहीतर सिकंदराबाद गाठावं लागायचं. सिकंदराबादला १९८४पासून बौद्धिक दिव्यांगत्वाची राष्ट्रीय संस्था आहे, म्हणून नांदेडची माणसं बहुधा तिकडं जायची. म्हणजे सुधारणा झालीच आहे.

पण अठरावं सरलं की काय? शाळेची गाडी यायची थांबते. जे लेकरू बारा वर्षं सकाळी उठून, आवरून, डबा घेऊन बाहेर पडत होतं, ते आता ओट्यावर बसतं. शिकलेलं हळूहळू विसरतं, चिडचिड वाढते, अंग सुटतं. घरच्यांना वाटतं दिव्यांगत्व वाढलं. खरं म्हणजे दिवस रिकामा झालेला असतो. तुम्हाआम्हाला निवृत्तीनंतर चार महिने काही काम नसलं तर आपण कसे होतो, ते घरी विचारून बघा.

आपल्या भागात यात आणखी एक गाठ आहे. कंधार, मुखेड, लोहा, जळकोट, अहमदपूर या डोंगरपट्ट्यातली कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात. धडधाकट लेकरं कोयत्यासोबत जातात किंवा वसतिगृहात राहतात. दिव्यांग लेकरू म्हाताऱ्या आजीजवळ राहतं. पाच-सहा महिने. आजी सत्तरीची, नातू वीस वर्षांचा, अंगापिंडानं तिच्या दुप्पट. त्याला अंघोळ कोण घालणार? आजी आजारी पडली तर दोघांकडं कोण बघणार?

आणि सगळ्या आईबापांचा एक प्रश्न असतो. तो बोलताना आवाज खाली येतो: "सर, आमच्यामागं याचं काय?" काही आया यापुढचं वाक्यही बोलतात. 'माझ्या आधी याला ने' असं देवाजवळ मागतात. आईनं हे मागावं, एवढं एकटेपण आपण तिच्यावर लादलंय. आजचा विषय म्हणून फावल्या वेळातल्या करमणुकीचा नाही.

परावलंबी कोण नाही?

इथं थोडं तत्त्वज्ञान. घाबरू नका, थोडंच आहे.

आधुनिक न्यायविचारात जॉन रॉल्स यांचं १९७१चं 'अ थिअरी ऑफ जस्टिस' हे पुस्तक फार मोठं मानलं जातं, आणि ते आहेच. त्यांची कल्पना अशी की समाज म्हणजे परस्परांच्या फायद्यासाठी सहकार्य करणाऱ्या लोकांची व्यवस्था. हे लोक आयुष्यभर सहकार्याला पुरेसे समर्थ आहेत असं गृहीत धरून ते नियम शोधायला बसतात. आता विचारा, ज्याला बोलता येत नाही, हिशेब येत नाही, तो या बैठकीत कुठं बसतो? रॉल्स म्हणतात, त्यांचं नंतर पाहू. तत्त्वज्ञानातसुद्धा या माणसांना 'नंतर या' असंच सांगितलं गेलं.

यावर १९९९ साली दोन पुस्तकांनी बोट ठेवलं. एक ॲलस्डेअर मॅकिंटायर यांचं. ते म्हणतात, माणूस हा विवेकी प्राणी आहे हे खरं, पण तो अवलंबून असणारा विवेकी प्राणी आहे. बालपणी, आजारपणात, म्हातारपणी आपण सगळेच दुसऱ्याच्या हातावर असतो. दुसरं पुस्तक एव्हा फेडर किटे यांचं. त्या स्वतः तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापक, आणि त्यांच्या मुलीला तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व आहे. त्यांचा मुद्दा असा की न्यायाची सुरुवात बलवान माणसांच्या करारापासून करू नका. प्रत्येक माणूस कुणातरी आईचं लेकरू असतं, तिथून सुरुवात करा.

हे पटायला अमेरिकेत जायची गरज नाही. एप्रिल २०१६ आठवा. लातूर शहराचे नळ कोरडे पडले होते आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. डॉक्टर, वकील, व्यापारी, आमच्यासारखे प्राध्यापक, सगळे घागर घेऊन टँकरची वाट बघत होते. १९९३च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसं गेली, आणि उरलेल्यांना अन्न, पांघरूण, घर सगळं बाहेरून आलं. लातूरकर परावलंबी झाले म्हणून त्यांची माणुसकी कमी झाली, असं कुणी म्हटलं का? मग ज्याला जेवताना हात धरावा लागतो, त्याच्याच बाबतीत आपण वेगळा हिशेब का मांडतो?

किटे बाईंची आणखी एक कल्पना आहे, आणि ती आपल्याकडं घरोघरी आहे. जो सांभाळतो, त्याला सांभाळायला कुणीतरी पाहिजे. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. का? लेक बाळाला सांभाळते आणि आई लेकीला सांभाळते. बाळाला मदत करायचा तो सर्वांत पक्का रस्ता आहे. दिव्यांग लेकराच्या आईला मात्र असं माहेर मिळत नाही. तिचं बाळंतपण जणू वीस वर्षं, तीस वर्षं चालूच असतं. गावानं काय व्हायचं? गावानं तिचं माहेर व्हायचं.

दिवस, आठवडा, वर्ष

बरं, पण करायचं काय? इथं स्वीडनचे बेंग्ट निर्ये उपयोगी पडतात. ते तिथल्या पालकांच्या संघटनेचं काम बघत होते. १९६९ साली त्यांनी एक साधा विचार मांडला. बौद्धिक दिव्यांग माणसाला त्याच्या समाजातल्या इतरांसारखीच जगण्याची लय मिळाली पाहिजे: दिवसाची लय, आठवड्याची लय, वर्षाची लय. सकाळी उठून आवरणं, कामाला बाहेर पडणं, घरी परतणं. आठवड्यात काम वेगळं, सुटी वेगळी. वर्षात सण, पाहुणे, यात्रा. मोठ्या वसतिगृहात आणि बंद खोलीत हीच लय हरवते. तिथं मंगळवार आणि रविवार सारखेच असतात, पोळा आणि संक्रांत सारखीच असते.

आता ही कल्पना मराठवाड्यात आणून बघा. लयीला आपल्याकडं तोटा नाही.

आठवड्याची लय म्हणजे बाजार. नेहमीचा भाजीवाला, नेहमीचा चहा, दहा रुपयांची भजी. बौद्धिक दिव्यांग मुलाला नोटा ओळखायला शिकवायचं तर वर्गातल्या खोट्या नोटांपेक्षा दर आठवड्याला एकाच दुकानातून एकच वस्तू आणणं जास्त कामाचं. दुकानदार ओळखीचा झाला की अर्धं शिक्षण तो करतो.

वर्षाची लय म्हणजे माळेगावची खंडोबाची यात्रा, लातूरची सिद्धेश्वराची यात्रा, पोळा, आणि आपली येळवस. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर-धाराशिवची आणि नांदेडच्या काही भागातली गावंच्या गावं शेतात जातात. कडब्याची कोप उभारायची, पांडवांना चुना लावायचा, भज्जी, उंडे, आंबील, खीर, आणि वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवायला बसवायचं. ज्या समाजात वाटसरूला हात धरून बांधावर बसवतात, त्या समाजात घरातलंच लेकरू त्या दिवशी 'गर्दी नको' म्हणून घरी ठेवतात, हे बघितलं की जीव तुटतो. चुना लावणं, पत्रावळी मांडणं, प्रत्येक पत्रावळीवर मीठ वाढणं, आंबिलीचा ग्लास हातात देणं, यातलं एक काम त्याचं ठरवा. दर वर्षी तेच.

नांदेडमध्ये तर एक मोठं उदाहरण रोज समोर आहे. सचखंड हुजूर साहिबच्या लंगरमध्ये कुणीही बसून पोळ्या लाटतो, भांडी घासतो, जेवणाऱ्याला पाणी देतो. वेग किती आहे, शिक्षण किती आहे, कुणी विचारत नाही. एकाची पोळी गोल, दुसऱ्याची नकाशासारखी; दोन्ही ताटात जातात. सेवेची ही व्यवस्था आपल्याला एक महत्त्वाचं शिकवते. आपण दिव्यांग माणसाची सेवा करायची असं नेहमी म्हणतो. त्याला सेवा करू द्यायची, हे आपल्या डोक्यात येत नाही. आयुष्यभर फक्त घेत राहणं हे कुणालाही जड जातं, त्यालाही जातं.

पहारा म्हणजे काय

आता आमच्या शीर्षकाकडं येऊ. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस वीणा खाली ठेवायचा नाही असा नियम असतो. म्हणून पहारे लावतात. कागदावर वेळ आणि नावं लिहून तो कागद मंदिरात चिकटवलेला असतो. रात्री दोनचा पहारा ज्याचा आहे त्याला उठवायला माणूस जातो. तो आला नाही तर आधीच्याला सुटता येत नाही. यादीत नाव असणं म्हणजे आपली वाट बघणारं कुणीतरी असणं.

आमचं म्हणणं एवढंच आहे: प्रत्येक दिव्यांग माणसाचं नाव गावातल्या कुठल्या तरी पहाऱ्याच्या यादीत असलं पाहिजे. सप्ताहाच्याच असं नाही. ग्रंथालयातली वर्तमानपत्रं लावण्याच्या, शाळेतल्या झाडांना पाणी घालण्याच्या, क्रिकेटच्या टीममध्ये गुणफलक बदलण्याच्या, बचत गटाची सतरंजी अंथरण्याच्या.

एका गावात आम्ही हे होताना बघितलं. तिशीतला एक तरुण, बौद्धिक दिव्यांगत्व असलेला. सकाळी गल्लीतल्या चार-पाच घरांच्या किटल्या डेअरीवर नेऊन द्यायचा आणि फॅटच्या चिठ्ठ्या घरोघर परत आणायचा. चिठ्ठ्या उलट्यासुलट्या होऊ नयेत म्हणून किटल्यांच्या कड्यांना रंगीत चिंध्या बांधलेल्या, आणि तोच रंग सचिव चिठ्ठीवर ओढायचे. एके दिवशी तो आला नाही, तर डेअरीच्या सचिवांनी संकलन थांबवून घरी माणूस धाडला. त्याला ताप होता. त्याच्या आईच्या बोलण्यात त्या दिवशी तापाची काळजी थोडी आणि नवल जास्त होतं. "त्येला इचारायला मानूस आला!" असं ती येईल त्याला सांगत होती.

या गोष्टीत काय काय आहे बघा. काम खरं आहे, नाटक नाही; दूध पोचलं नाही तर नासतं. काम रोजचं आणि ठरलेल्या वेळेचं आहे. अवघड जागी आधार आहे, तो रंगीत चिंधीचा. पैसा लागला नाही, कुणीतरी थोडा विचार केला. त्याच्यासोबत एक ओळखीचं माणूस आहे, ते म्हणजे सचिव. कुठलाही सामाजिक उपक्रम सुरू करताना या चार गोष्टी तपासाव्यात: काम खरं, वेळ ठरलेली, आधार नेमका, सोबत कायमची. वर्षातून एकदा ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनाला, हार-तुरे आणि खाऊ वाटप होतं. त्याला आमचा विरोध नाही. पण त्या दिवशी आलेल्या मुलांतलं एखादं ४ डिसेंबरला दिसलं नाही, तर कुणाला कळतं?

खेळातही हाच विचार दिसतो. स्पेशल ऑलिंपिक्सची सुरुवात १९६८ साली शिकागोत झाली. पुढं त्यातच 'युनिफाइड' खेळ आले: एकाच संघात बौद्धिक दिव्यांग आणि इतर खेळाडू. त्यासाठी मोठं मैदान लागत नाही. गल्लीतल्या कॅरमला पुरतं.

गाव म्हणजे स्वर्ग नव्हे

आता दुसरी बाजू. कुणाला वाटेल, सर गावाचं फार गोडवं गातात. तसं नाही.

गावात चिडवणारी पोरं असतात. फुकटात राबवून घेणारे असतात. 'येडं हाय, भाकरीवर काम करतंय' असं म्हणून वर्षभर शेण काढायला लावणारे. खरं काम आणि वेठबिगारी यांत फरक आहे, आणि तो फरक मजुरीचा आहे. दुसऱ्याला ज्या कामाचे पैसे देता, त्याचे यालाही द्यायचे.

मुलींच्या बाबतीत धोका फार मोठा. म्हणून पालक त्यांना घरात कोंडतात. पण कोंडल्यानं सुरक्षितता येत नाही, कारण अत्याचार करणारा बहुधा ओळखीचा, घरात ये-जा असणाराच असतो. मुलीला अंगाच्या अवयवांची नावं, 'नाही' म्हणायचं कसं, कुणाला सांगायचं, हे चित्रांतून, पुन्हा पुन्हा शिकवता येतं. तिची रोज वाट बघणारी चार माणसं असली, तर तिच्यात झालेला बदल लवकर ध्यानात येतो.

सांभाळणाऱ्यांच्या सोयीपायी काय होऊ शकतं, हे महाराष्ट्रानं १९९४ साली बघितलं. पुणे जिल्ह्यातल्या शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशयं शस्त्रक्रियेनं काढण्यात आली. पाळीच्या वेळची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण दिलं गेलं. त्या मुलींना विचारलं होतं का, असा प्रश्न तेव्हा महिला संघटनांनी विचारला. पुढं २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या एका स्त्रीच्या गर्भधारणेच्या प्रकरणात सांगितलं, की तिचा निर्णय तिच्या संमतीशिवाय दुसरा कुणी घेऊ शकत नाही. 'त्याला काय कळतंय' हे वाक्य म्हणूनच सांभाळून वापरायचं.

आणि शेवटची सावधगिरी. सगळ्यांना सगळं आवडेल असं नाही. ऑटिझम असलेल्या माणसाला टाळ-मृदंग आणि लाउडस्पीकर म्हणजे कानात खिळे ठोकल्यासारखं होऊ शकतं. त्याला सप्ताहात ओढत नेऊन 'समावेश' साधत नाही. त्याला कदाचित सकाळी सहाला, कुणी नसताना, मंदिराचं अंगण झाडायला आवडेल. तोही पहाराच आहे.

कायदा काय देतो, थोडक्यात

१९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांनी आपल्या समाजात किंवा त्याच्या शक्य तितकं जवळ राहावं, हा उद्देशच लिहिला आहे. २०१६च्या कायद्यानं दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि पाचव्या कलमात समाजात राहण्याचा हक्क दिला. म्हणजे आपण मागतोय ती दया नाही.

कागद कोणते? यूडीआयडी कार्ड आधी काढा. बाकीचं सगळं त्यावर चालतं. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा आहे. मूल १८ वर्षांचं झालं की कायद्यानं आईबापही आपोआप पालक राहत नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडं अर्ज करायचा. आईबाप हयात असतानाच करायचा, आणि पुढं कोण बघणार ते माणूस आताच ठरवायचं. ग्रामपंचायत, नगरपालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत हात वर करून विचारा, तो गेल्या वर्षी कशावर खर्च झाला.

श्रोत्यांच्या प्रश्नांतून

प्रश्न: सर, एवढं करण्यापेक्षा जिल्ह्यात एक मोठं निवासी वसतिगृह काढलं तर सगळ्यांचीच सोय होणार नाही का?

उत्तर: कुणाची सोय, ते आधी बघू. ज्याचं कुणीच नाही, त्याला निवारा पाहिजेच. ऊसतोडीच्या सहा महिन्यांत मुक्कामाची सोय पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण दोनशे माणसांचं वसतिगृह गावापासून लांब, माळावर काढलं की तिथं फक्त पगारी माणसं जातात. पगारी माणूस चांगला असू शकतो, पण त्याची बदली होते. त्यापेक्षा लहान घरं काढावीत, वस्तीत. डोंबिवलीजवळ खोणीला पालकांच्या अमेय संघटनेनं 'घरकुल' उभं केलंय, ते मोठ्या झालेल्या मुलांसाठीच. पालकांनी एकत्र येऊन 'आमच्यामागं काय' याचं उत्तर स्वतः बांधलं. राष्ट्रीय न्यासाची 'घरौंदा' योजनाही अशाच समूहनिवासासाठी आहे. नांदेड-लातूरच्या पालकांनी आधी महिन्यातून एकदा एकत्र बसावं. जमिनीचं, बांधकामाचं पुढचं पुढं.

प्रश्न: आमचा मुलगा तीव्र दिव्यांग आहे. बसतं करावं लागतं, बोलत नाही. त्याला कुठला पहारा देणार?

उत्तर: ताई, हा प्रश्न खरा आहे, आणि आमच्या सगळ्या बोलण्याची परीक्षा यातच आहे. काम करू शकतो म्हणूनच माणूस मोलाचा, असं आमच्या बोलण्यातून निघालं असेल तर ते काढून टाका. कुणीतरी ठरलेल्या वेळी त्याच्याकडं यावं, हाही त्याचा पहाराच. शाळेतल्या दोन पोरांनी मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी पाचला यावं, त्याची खुर्ची पारावर न्यावी, त्याच्याशेजारी बसून आपल्या गप्पा माराव्यात, सहाला परत आणावं. तो तास तुमचा. झोपा, देवळात जा, नाहीतर नुसत्या बसा. दोन महिन्यांत पाच वाजायला आले की त्याची नजर दाराकडं वळायला लागली, तर समजा त्याला दिवसाची लय सापडली.

प्रश्न: सुरुवात कुणी करायची? ग्रामपंचायतीनं की संस्थेनं?

उत्तर: ज्याच्या हातात यादी आहे त्यानं. सप्ताहाच्या मंडळाकडं यादी असते, गणेश मंडळाकडं असते, डेअरीकडं, बचत गटाकडं, शाळेकडं असते. प्रत्येकानं आपल्या यादीत एक नाव वाढवायचं, आणि त्या नावापुढं वेळ लिहायची. वेळ लिहायला विसरू नका. वेळ लिहिली म्हणजे वाट बघणं आलं.

आज इथंच थांबू. ज्यांना स्थानिक स्तर समितीच्या अर्जाविषयी विचारायचं आहे, त्यांनी बाहेर टेबलाजवळ भेटावं. आम्ही तिथं बसून आहोत.